नागपूरहून गुलमर्गला फॅमिलीसोबत स्कीइंग: घरून काय न्यायचं, तिथे भाड्याने काय घ्यायचं आणि बॅग कशी भरायची

आपल्याकडे थंडीची तयारी म्हटली की कपाटातले सगळे स्वेटर, दोन शाली, मफलर आणि कानटोप्या बॅगेत कोंबल्या की झालं, आणि चिखलदरा किंवा पचमढीला तेवढं पुरूनही जाते. स्कीइंगला घरच्यांना घेऊन गुलमर्गला जायचं असेल तर मात्र हा हिशोब सगळाच बदलावा लागते, कारण बर्फात माणसाला थंडीच्या आधी ओल गारठवते. नवीन शिकणारा माणूस सारखा पडतो, उठायला जोर लावतो म्हणून घाम फुटतो, बाहेरून बर्फ वितळून कपड्यात झिरपतो आणि आतून घाम, मग अंगावर चार स्वेटर असले तरी चारही ओले आणि वरून हवा उणे पाच. त्यामुळे खाली जे काही लिहिलं आहे ते सगळं कोरडं कसं राहायचं याच्याच भोवती आहे, आणि सामान निवडताना एक गोष्ट धरून चाला की अंगाला चिकटून बसते ते सगळं घरून न्यायचं आणि जे जड आहे ते तिथे भाड्याने घ्यायचं.

आधी जागा समजून घ्या

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, श्रीनगर साधारण १६०० आणि गुलमर्ग २६५०. तिथून गोंडोला, म्हणजे केबल कार, दोन टप्प्यात वर जाते, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत ३००० च्या थोडा वर आणि दुसरा अफरवट डोंगराच्या अंगाला जवळपास ३९५० मीटरपर्यंत. गुलमर्गला हवेचा दाब सपाटीच्या जवळपास पाऊणच राहते आणि दुसऱ्या टप्प्यावर साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दर श्वासाला ऑक्सिजन तेवढाच कमी मिळते. जानेवारीत रात्री पारा उणे आठ-दहापर्यंत सहज जाते, दिवसा ऊन असलं तर शून्याच्या थोडा वर येते.

नवशिक्यांना आणि पोट्ट्यांना मात्र एवढं वर जायची काही गरज नाही. गुलमर्गच्या खालच्या उतारांवरच शिकवतात, तिथेच सरकारी स्कीइंग आणि माउंटेनिअरिंगची इन्स्टिट्यूट आहे, आणि लोकल इन्स्ट्रक्टरही तिथेच भेटतात. दुसऱ्या टप्प्यावरचा उतार हा ज्यांना चांगलं स्कीइंग येते त्यांच्यासाठी आहे, आणि दोरी लावून बंद केलेल्या भागात कोणी कितीही आग्रह केला तरी जायचं नाही कारण तिथे हिमस्खलन खरंच होते.

तारखेचं सांगायचं तर काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलान असते, म्हणजे कडाक्याची थंडी, त्यानंतर वीस दिवस चिल्ला-ए-खुर्द आणि मग दहा दिवस चिल्ला-ए-बच्चा. आपल्या शाळांना सुट्टी नाताळात असते म्हणून सगळे तेव्हाच पळतात, पण बर्फाचा भरवसा जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत जास्त आहे. २०२४ च्या जानेवारीत तर महिन्याच्या शेवटपर्यंत गुलमर्ग जवळपास कोरडंच होतं. म्हणून हॉटेल असं पाहा जिथे तारीख बदलता येते. दहावी-बारावीचं लेकरू घरात असेल तर फेब्रुवारीचा विषयच नाही, मग सरळ पुढच्या वर्षीचं ठरवा.

दीड महिना आधी: मापं लिहून काढा

हे काम कोणी करत नाही आणि भाड्याच्या दुकानात नेमका इथेच अर्धा दिवस जातो. एक कागद घ्या आणि घरच्या प्रत्येकाची उंची, वजन आणि पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. स्की बुटाचं माप हे आपल्या सहा-सात-आठ नंबरात नसते, ते सरळ सेंटिमीटरमध्ये असते, साडेतेवीस, चोवीस असं. संध्याकाळी माप घ्या कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो, टाच भिंतीला टेकवून उभं करा, जाड पुस्तक अंगठ्यासमोर उभं धरा आणि भिंतीपासून पुस्तकापर्यंत टेपने मोजा, दोन्ही पायांचं वेगळं. वजन यासाठी लागते की बूट स्कीमध्ये अडकतो तो खटका, बाइंडिंग म्हणतात त्याला, किती घट्ट ठेवायचा हे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि माणूस कितपत शिकलेला आहे यावर ठरते. तो जास्त घट्ट राहिला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा मुरगळतो, सैल राहिला तर स्की मधेच सुटते, म्हणून इथे वजन कमी-जास्त करून सांगू नका, खरं तेच सांगा. नवशिक्याला स्की साधारण हनुवटीच्या उंचीची घ्यायची.

डोक्याचा घेरही मोजून ठेवा, भुवयांच्या थोडं वरून टेप फिरवून. हेल्मेटसाठी. मोठ्यांची हेल्मेट तिथे मिळून जातात, लहान लेकरांच्या नेमक्या मापाची मिळेलच असं नाही, त्यामुळे पोरांचं हेल्मेट मी घरून न्यायच्याच बाजूची आहे, वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते आणि त्याच्या पोकळीत मोजे, टोप्या भरून टाकता येतात म्हणजे जागाही वाया जात नाही. सायकलचं हेल्मेट चालेल का असं सगळे विचारतात, तर नाही चालत, त्याला वरून भोकं असतात, कान उघडे राहतात आणि त्याची चाचणीही वेगळ्या पडण्यासाठी झालेली असते.

याच दीड महिन्यात रोज संध्याकाळी घरच्यांनी मिळून जिने चढ-उतार सुरू करा, फुटाळ्याला किंवा अंबाझरीला चक्कर मारा, मांड्यांना सवय लागू द्या. स्कीइंगमध्ये सगळा भार मांड्यांवर येतो आणि थकलेल्या पायांनीच माणूस जास्त पडतो.

अंगावरचे तीन थर

पहिला थर कातडीला चिकटून बसणारा, थर्मल. सुती बनियन आणि सुती लेगिंग घरीच ठेवा, बाकी सगळं विसरलं तरी एवढं विसरू नका. सुती कापड घाम पिऊन बसते, लवकर वाळत नाही आणि ओलं कापड अंगातली गरमी ओढून घेते. पॉलिएस्टरचे स्पोर्ट्स थर्मल घ्या, परवडत असेल तर मेरिनो लोकरीचे, त्याला वासही कमी येतो म्हणून दोन-दोन दिवस चालतात. माणशी दोन जोड बस झाले, एक अंगावर आणि एक वाळत. लेकरांना तीन. घेताना लेबल वाचा, कारण आपल्याकडे बाजारात थर्मल म्हणून जे मिळते त्यात बरंच अर्धं कॉटन असते, ते नागपूरच्या जानेवारीला ठीक आहे, बर्फाला नाही.

दुसरा थर उबेचा. इथे फ्लीसचं जॅकेट सगळ्यात कामाचं, हलकं असते आणि ओलं झालं तरी पटकन वाळते. घरी विणलेले लोकरीचे स्वेटरही या जागी चालतात, फेकून देऊ नका, फक्त सैल आणि पातळ असलेला निवडा. हिवाळ्यात आपल्याकडे तिबेटी लोकांचं स्वेटर मार्केट लागते तिथून पातळ लोकरी स्वेटर आणि टोप्या घ्यायला हरकत नाही. पिसांचं फुगीर जॅकेट संध्याकाळी हॉटेलच्या बाहेर फिरायला छान, स्की करताना घालू नका, घामाने आणि बर्फाने आतली पिसं गोळा होतात आणि ऊब संपते.

तिसरा थर पाणी आणि वारा अडवणारा, जॅकेट आणि पॅंट दोन्ही. लेबलवर वॉटरप्रूफ किती ते एमएममध्ये लिहिलेलं राहते, लेकरांना आणि नवशिक्यांना १०,००० एमएम घ्या कारण ते उभे राहण्यापेक्षा बर्फात बसलेलेच जास्त असतात आणि बुडाखालून दाबाने पाणी आत जाते. आधीपासून घरात असलेल्या रेनकोटवर भरवसा असेल तर त्याची परीक्षा घरीच घ्या: बाथरूममध्ये जॅकेट उलटं न करता टबच्या तोंडावर पसरवा, आतून टिश्यू पेपर लावा, वरून मगाने पाणी ओता, दहा मिनिटं तसंच साचू द्या आणि हाताच्या तळव्याने दाबा, मग टिश्यू पाहा. शिवणीजवळ ओला झाला तर ते जॅकेट शिवणीतून गळते, स्कीइंगला कामाचं नाही. पॅंटच्या पायच्याला आतून इलास्टिकची झालर असते ती बुटावरून ओढून घ्यायची असते, बर्फ आत शिरत नाही, ती नसलेली पॅंट घेऊ नका. लेकरांना खांद्याला पट्टे असलेली डंगरीसारखी पॅंट घ्या, वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही.

तिसरा थर विकत घ्यायचा की भाड्याने, हा पैशाचा प्रश्न आहे. टंगमर्गला, म्हणजे गुलमर्गच्या तेरा किलोमीटर खाली, लांब कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकानंच दुकानं आहेत आणि गाडी थांबली की ते लोक गाडीला घेरतात. तो कोट बर्फात फिरायला, फोटो काढायला, स्लेजवर बसायला ठीक. स्कीइंगला तो गुडघ्यात अडकते आणि भिजला की जड होऊन जाते. स्कीइंगचे जॅकेट-पॅंट गुलमर्गच्या स्की दुकानात भाड्याने मिळतात, मोठ्यांनी तिथे घ्यावे, घेताना बाहीत हात घालून आतून ओलसर तर नाही ना ते पाहावं, चेन वर-खाली करून पाहावी. लेकरांचं मात्र विकत घेऊन घ्या, एक साइज मोठं, दोन हिवाळे चालते आणि नंतर भावा-बहिणीच्या पोरांना देता येते. डेकॅथलॉनसारख्या दुकानात लहान मुलांचे स्नो सूट परवडण्यासारख्या भावात मिळतात. रंग भडक घ्या, लाल, नारिंगी, पोपटी. पांढरा आणि फिका निळा नको, बर्फात लेकरू दिसत नाही.

हातमोजे, पायमोजे आणि डोकं

पायमोज्यांचं आधी, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. थंडी आहे म्हणून दोन-दोन मोजे घालायचे नाहीत. स्की बूट कडक प्लास्टिकचा असतो, दोन मोज्यांनी पाय आत दाबला जातो, रक्त फिरत नाही आणि बोटं जास्त गार पडतात. एकच मोजा, लोकरीचा किंवा सिंथेटिक, पिंढरीच्या वरपर्यंत येणारा. घालून देताना लेकराला खुर्चीवर बसवा, मोजा गोळा करून आधी बोटांत बसवा, मग टाचेची शिवण बरोबर टाचेवर आणा, मग वर ओढा, आणि तळव्यावरून अंगठा दाबत फिरवा म्हणजे कुठे सुरकुती राहिली असेल तर लगेच हाताला लागते. तेवढी एक सुरकुती राहिली तर तासाभरात फोड येतो. थर्मलचा पायचा मोज्यात खुपसू नका, तो बुटाच्या वर दुमडून ठेवा, बुटाच्या आत फक्त मोजा आणि पाय. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांची पायाची नखं कापा, वाढलेली नखं बुटाला आपटून काळी पडतात. मोजे माणशी तीन जोड, आणि झोपताना घालायला वेगळा एक जोड जो बाहेर कधीच न्यायचा नाही.

हातमोजे लोकरी विणलेले अजिबात नको, बर्फाचे गोळे त्याला चिकटतात आणि पाच मिनिटांत ओले. वॉटरप्रूफ पाहिजेत आणि लेकरांना चारही बोटं एकत्र राहणारे मिटन, बोटांना एकमेकांची गरमी मिळते आणि घालायलाही सोपे. माणशी दोन जोड न्या, दुपारच्या जेवणानंतर बदलायला. लेकरांचे हरवू नयेत म्हणून एक लांब नाडी किंवा इलास्टिक घ्या, एका हातमोज्याला शिवा, जॅकेटच्या एका बाहीतून घालून पाठीवरून दुसऱ्या बाहीतून काढा आणि दुसरा हातमोजा शिवा. नाडी जॅकेटच्या आतूनच जाऊ द्या, गळ्याभोवती बाहेरून नको.

मफलर, लांब स्टोल, ओढणी स्कीइंगच्या वेळी कोणीच घालू नका. उतारावर वर नेणाऱ्या स्की लिफ्टमध्ये लोंबणारं टोक अडकलं तर गळ्याला फास बसते. त्याच्या जागी गळ्यात घालायची नळीसारखी बफ घ्या, नाकावर ओढता येते. हेल्मेटच्या आत जाड कानटोपी घालू नका, हेल्मेट सैल बसते, पातळ टोपी किंवा नुसती बफ पुरते. जाड माकडटोप्या संध्याकाळसाठी.

ऊन

नागपूरच्या माणसाला उन्हाचं काय सांगायचं असं वाटेल, पण हे ऊन वेगळं आहे. दर हजार मीटर वर गेलं की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरूनही लागते आणि खालूनही. हवा गार असते म्हणून कळत नाही आणि रात्री चेहरा भाजलेला असतो. एसपीएफ ५० चं सनस्क्रीन, दर दोन तासांनी, आणि लावताना हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या काठाला आणि कानांच्या पाळीला विसरू नका कारण खालचं ऊन तिथेच लागते. ओठांना एसपीएफ असलेला लिप बाम.

डोळ्यांना गॉगल पाहिजेच, ढगाळ दिवशीही. उघड्या डोळ्यांनी दिवसभर बर्फावर राहिलं तर संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचते, पाणी येते, उजेड सहन होत नाही, यालाच स्नो ब्लाइंडनेस म्हणतात. रस्त्यावर मिळतात ते नुसते काळे चष्मे नको, यूव्ही ४०० लिहिलेले पाहिजेत, आणि स्कीइंगला डोळ्याभोवती फिट बसणारे स्की गॉगल. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांनी चष्म्यावरून बसणारे गॉगल शोधा, दुकानात चष्मा घालूनच ट्राय करा. जुना नंबरचा चष्मा स्पेअर म्हणून बॅगेत असू द्या.

आजी-आजोबा सोबत असतील तर

त्यांना नेऊच नका असं मी म्हणणार नाही. गुलमर्गला बर्फ पाहायची हौस त्यांनाही असते आणि पहिल्या टप्प्याच्या गोंडोलात बसून आलं तरी जन्माची आठवण होऊन जाते. पण बीपी, हृदय, दमा, फुफ्फुसाचा काही त्रास असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा, नुसतं काश्मीरला चाललो असं सांगू नका. दुसऱ्या टप्प्याचं तिकीट त्यांच्यासाठी काढू नका.

आजी साडीशिवाय काही घालत नसेल तर भांडण करून काही होत नाही. साडीच्या आत थर्मल लेगिंग, वरून फ्लीसची पॅंट, निऱ्या घोट्याच्या वर चार बोटं राहतील अशा खोचून पिन लावा म्हणजे काठ बर्फात ओढला जात नाही, वर लोकरी ब्लाऊज किंवा स्वेटर आणि भाड्याचा लांब कोट. पटलं तर गरम सलवार-कमीज सगळ्यात उत्तम. पायात गमबूट, आत लोकरी मोजा, आणि बुटाखाली रबराने ओढून बसवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात ते नक्की घ्या, हॉटेलच्या दारातला बर्फ दाबून दाबून काचेसारखा होतो आणि म्हातारी माणसं उतारावर नाही, तिथेच घसरतात.

औषधं आणि उंचीचा त्रास

उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो आणि गुलमर्ग त्या रेषेच्या जरा वरच आहे. डोकं दुखणं, मळमळ, थकवा, झोप न लागणं. लहान लेकराला डोकं दुखते हे सांगता येत नाही, ते चिडचिड करते, खात नाही, खेळत नाही, म्हणून पहिल्या दिवशी लेकरू उगाच रडून राहिलं असं समजू नका. नागपूरहून सकाळी निघून त्याच दिवशी गुलमर्गला पोचायचा प्लॅन टाळा, श्रीनगरला एक रात्र राहा, मग वर जा, आणि गुलमर्गचा पहिला दिवस नुसतं फिरा, पाणी भरपूर प्या, दारू नको. त्रास वाढून राहिला, उलट्या थांबत नाहीत, चालताना तोल जाते, बसल्या जागी धाप लागते, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता खाली उतरा, टंगमर्ग, श्रीनगर, आणि डॉक्टरकडे. डायमॉक्स वगैरे गोळ्या शेजाऱ्यांनी सांगितल्या म्हणून घेऊ नका, ज्यांना सल्फाची ॲलर्जी आहे त्यांना ती चालेलच असं नाही आणि लेकरांचा डोस वेगळा असतो, डॉक्टरांकडून लिहून घ्या.

औषधांच्या डब्यात पॅरासिटामॉल मोठ्यांचं आणि लेकरांचं, उलटीचं, ओआरएसची पाकिटं, क्रेप बॅंडेज, फोडांसाठी पट्टी, सलाइनचा नाकात मारायचा स्प्रे आणि व्हॅसलिन ठेवा, कारण तिथली हवा कोरडी असते आणि हीटरने अजून कोरडी होते, लेकरांच्या नाकातून रक्त येते. रोजच्या गोळ्या जेवढे दिवस आहेत त्यापेक्षा पाच दिवसांच्या जास्त घ्या, बर्फ पडला की रस्ताही बंद होतो आणि विमानंही. दम्याचा पंप खिशात, बॅगेत नाही. इन्सुलिन गोठलं की वाया जाते, ते चेक-इन बॅगेत टाकू नका आणि बाहेर फिरताना जॅकेटच्या आत अंगाजवळ ठेवा. सॅनिटरी पॅड घरूनच न्या, उंचीवर आणि दगदगीत तारीख मागेपुढे होते.

एक गोष्ट फार कळकळीने सांगते. खोलीत गॅसचा हीटर, सिगडी किंवा बुखारी, म्हणजे लाकूड-कोळशाची पत्र्याची शेगडी, असेल तर ती पेटती ठेवून दारं-खिडक्या बंद करून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. झोपण्याआधी विझवा, खिडकीला फट ठेवा, रात्रभरासाठी हॉटेलवाल्याकडे विजेचं ब्लॅंकेट मागा, काश्मिरात ते बहुतेक ठिकाणी मिळते. घरून एक रबरी गरम पाण्याची पिशवी आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नेला तर उत्तमच, ऑनलाइन मिळतो.

खाण्याचं

गुलमर्गला खायला मिळते, राजमा-चावल, पराठे, मॅगी, कहवा, पण उतारावर दोन तासांनी लेकराला भूक लागते तेव्हा खिशातलंच कामी येते. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, सुकामेवा, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, तिखट-मिठाच्या पुऱ्या, भाजक्या पोह्यांचा चिवडा. संत्रा बर्फी न्याच, इन्स्ट्रक्टरला दिली तर तोही खूश होतो. लाडू लहान बांधा, एका घासाचे, कारण हातमोजा काढून दोन घास खायला कोणी थांबत नाही आणि थंडीत मोठा लाडू दगडासारखा कडक होऊन जाते. चिप्सची पाकिटं नेऊ नका, उंचीवर फुगतात आणि फुटूही शकतात. लोणचं चेक-इन बॅगेतच, दोन पन्न्यांत बांधून, केबिनमध्ये ते काढून घेऊ शकतात. माणशी एक थर्मास नाही, घरात मिळून दोन, आणि त्यात साधं गरम पाणी, सुंठ घातलेलं. थंडीत तहान लागत नाही म्हणून आठवणीने पाजावं लागते.

मोबाईल, पैसे, कागद

हे खूप जणांना माहीत नसते: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. घरातल्या निदान दोघांचे नंबर निघण्याच्या काही दिवस आधी पोस्टपेड करून घ्या, आदल्या दिवशी केलं तर ॲक्टिव्ह होईलच असं नाही. बोर्डिंग पास, हॉटेलचं बुकिंग, गोंडोलाचं तिकीट हे सगळं प्रिंट काढून ठेवा. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढावं लागते, सीझनमध्ये लवकर संपते, आणि वारा जास्त असला की वरचा टप्पा बंद ठेवतात. रोख पैसे न्या, नेटवर्क गेलं की यूपीआय बंद, आणि इन्स्ट्रक्टर, स्लेजवाला, टंगमर्गची चाकांना साखळी लावलेली गाडी सगळ्यांना रोख लागते. सगळ्यांचं आधार, लेकरांचंही. ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर त्यात स्कीइंग धरलं आहे का ते वाचा, बऱ्याच पॉलिसीत नसते.

थंडीत मोबाईलची बॅटरी पटापट उतरते, मोबाईल आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. पॉवर बॅंक केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही. लेकरांच्या आतल्या खिशात हॉटेलचं नाव आणि तुमचा पोस्टपेड नंबर लिहिलेला कागद प्लास्टिकच्या छोट्या पन्नीत घालून ठेवा, आणि जॅकेटच्या चेनला एक शिट्टी.

आता बॅग भरा

निघायच्या आठ दिवस आधी एकदा सगळ्यांना सगळं घालून पाहायला लावा, थर्मलपासून हेल्मेटपर्यंत. पंखा लावा नाहीतर गरमीने पोट्टे पळतात. हात वर केल्यावर कंबर उघडी पडते का, खाली बसता येते का, हातमोजे घालून चेन ओढता येते का हे पाहा. चेन ओढता येत नसेल तर तिला नाडीचा तुकडा बांधा. आणि बाथरूमला जाताना लेकराला हे सगळं काढायला किती वेळ लागते तेही पाहून घ्या, तिथे ते फार महत्त्वाचं होऊन बसते.

बहुतेक डोमेस्टिक तिकिटांवर माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन असते, तुमच्या तिकिटावर काय लिहिलं आहे ते वाचून घ्या. नागपूरहून दिल्ली किंवा मुंबईला विमान बदलून श्रीनगरला जावं लागते आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असते, उशीर होतो, बॅग मागे राहून जाऊ शकते. म्हणून दोन गोष्टी करा. एक, कोणाचीही एकट्याची बॅग भरू नका, प्रत्येकाचे कपडे दोन बॅगांत अर्धे-अर्धे वाटा, एक हरवली तरी कोणी उघडं पडत नाही. दोन, प्रत्येकाच्या केबिन बॅगेत एक थर्मल जोड, एक मोजा, हातमोजे, टोपी आणि औषधं. जॅकेट हातात घ्या आणि सगळ्यात जड बूट पायात घालूनच विमानात बसा. रेल्वेने जायचं असेल तर नागपूरवरून कटऱ्याला गाडी आहे आणि २०२५ च्या जूनपासून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे, सामानाची किलोची कटकट राहत नाही पण जाण्यातच दोन-अडीच दिवस धरा.

चेक-इन बॅगेत तळाला संध्याकाळचे कपडे, मधे फ्लीस, वरती पहिल्या दिवशी लागणारं. कपडे गुंडाळून भरा आणि प्रत्येकाचे वेगळ्या पन्नीत, वर नाव लिहून. शॅम्पू, तेलाच्या बाटल्या तोंडापर्यंत भरू नका, दाब कमी झाला की गळतात, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून झाकण फिरवा. चार मोठ्या रिकाम्या पन्न्या आणि पंधरा फूट नायलॉनची दोरी, दहा-बारा चिमटे ठेवा. आणि जुने पेपर, हो, साधे जुने पेपर.

ते पेपर तिथे संध्याकाळी लागतात. उतारावरून खोलीत आलं की आधी चहा नाही, आधी ओलं सगळं वेगळं करा. बुटांच्या आतला नरम भाग निघत असेल तर काढा, पेपरचे बोळे करून बुटात आणि हातमोज्यांच्या बोटांत खुपसा, तासाभराने ते बोळे ओले झाले की बदला. हातमोजे बुखारीच्या पत्र्यावर ठेवू नका, सिंथेटिक वितळते आणि चामडं तडकते, दोन हात लांब दोरीवर टांगा. थर्मल रात्री वाळून जातात. सकाळी अर्धवट ओला मोजा कोणालाही घालू देऊ नका, मग कितीही उशीर होत असला तरी.

परतताना कपडे दमट असतात म्हणून बॅगेचं वजन वाढते, वर अक्रोड, केशर, शाली घेतलेल्याच असतात, त्यामुळे जातानाच माणशी दोन-तीन किलो रिकामे ठेवा. ओले कपडे मोठ्या पन्न्यांत भरा. श्रीनगर एअरपोर्टला इमारतीच्या बरंच आधी ड्रॉप गेटवर सगळ्यांना उतरवून सामान स्कॅन करतात आणि आत पुन्हा तपासणी असते, म्हणून तीन तास हाताशी ठेवून निघा, गुलमर्गहूनच निघत असाल तर बर्फाच्या रस्त्याचा वेळ त्याच्यावर वेगळा धरा, आणि लेकरांचे कोरडे मोजे वरच्या खिशातच ठेवा.